मधली वाटी सगळ्यांची: हॉटेलात जेवायला बसण्याची रीत

वाशीत एका फॅमिली रेस्टॉरंटात मी आठ वर्षं कॅप्टन होतो. पाणी आणतो, ताटल्या उचलतो तो वेटर. काळं जाकीट घालून वही-पेन घेऊन ऑर्डर घ्यायला येतो तो कॅप्टन. ऑर्डर आत गेली की कॅप्टनने खांबापाशी उभं राहून आपल्या सहा-सात टेबलांवर नजर ठेवायची. आठ वर्षं लोकांना जेवताना बघितलं की माणसाची जात-गाव नाही, पण घरातली शिस्त मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळायला लागते. आता मी कळव्याला छोटं केटरिंग करतो आणि ठाण्यात बायको-मुलांना घेऊन गिऱ्हाईक म्हणून हॉटेलात जातो, तरी नजर काही सुटलेली नाही.

काटा कुठल्या हातात आणि सुरी कुठल्या हातात, यावर वाचायला ढीगभर मिळतं. ते सगळं साहेबाच्या टेबलाचं. तिथे प्रत्येकाचं जेवण आतूनच वेगवेगळ्या ताटलीत मांडून येतं, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या ताटलीपुरतं बघायचं. आपल्याकडे पनीरची हंडी टेबलाच्या मधोमध येते, सहा जण तिच्यातून वाढून घेतात, आणि वर जेवायचं हाताने. म्हणजे जो हात तोंडात जातो तोच हात मधल्या वाटीच्या आसपास फिरणार. आजी ज्याला उष्टं-खरकटं म्हणायची, ते नेमकं याच टेबलासाठी होतं. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं तिथूनच निघतं.

निघण्याआधी

पहिला फोन हॉटेलला नाही, ज्यांच्याबरोबर जायचंय त्यांना करायचा. कोण काय खात नाही, एवढंच विचारायचं. शाकाहारी की मांसाहारी असा सरळ हिशोब फार थोड्या घरांत असतो. एक जण सोमवार पाळतो, दुसरा मंगळवार, एकीला चिकन चालतं पण मटण नाही. श्रावण लागला की निम्मी मंडळी शाकाहारी होतात, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, गटारीच्या आसपास, नॉनव्हेज हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. जैन असतील तर कांदा-लसूण नाही, शिवाय बटाटा, गाजर, बीट असं जमिनीखाली येणारं काही नाही. कॅप्टनला ‘जैन’ एवढा शब्द पुरतो, मात्र तो प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळा उच्चारा. एका भाजीला म्हटलंत म्हणून तो दालला आपोआप लागत नाही.

हे मी स्वतः एकदा विचारलं नव्हतं. भाचीच्या लग्नाची बोलणी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात ठेवली होती. मुलाची आत्या गुरुवार पाळणारी, आणि दिवस गुरुवार. टेबलावर दाल आणि मटण हंडी शेजारी शेजारी. आमच्या मेव्हण्यांनी मटण वाढून घेतलं आणि बोलता बोलता तोच डाव दालमध्ये घातला. कोणी काही बोललं नाही. आत्याबाईंनी हातातला रोटीचा तुकडा ताटलीत ठेवला आणि नंतर भाजलेल्या पापडाचे बारीक तुकडे करत बसल्या. माझ्या लक्षात येऊन दुसरी दाल मागवेपर्यंत बाकीच्यांचं अर्धं जेवण झालं होतं. लग्न जमलं, झालंही. पण आत्याबाई आमच्याकडे आल्या की अजून आधी भांडी मोजतात आणि मग डाव मोजतात.

म्हणून मिश्र मंडळी असतील तर शाकाहारी भांडी टेबलाच्या एका टोकाला आणि मांसाहारी दुसऱ्या टोकाला ठेवायला सांगा. वेटरला यात काही कमी-जास्त वाटत नाही, तो रोज हेच करतो.

दुसरा फोन हॉटेलला. रविवारी रात्री आठनंतर ठाण्यात काय आणि वाशी-नेरूळला काय, बाहेर खुर्च्यांवर वेटिंग असतंच. माणसं किती ते खरं सांगा. ‘सहा जण’ सांगून नऊ जण आले की दोन टेबलं जोडावी लागतात आणि तुमच्या मागे तासभर ताटकळलेलं कुटुंब आणखी अर्धा तास उभं राहतं. नाव लिहून झाल्यावर दर दोन मिनिटांनी वहीत डोकावू नका. आणि आत जे जेवताहेत त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहणं तर अजिबात नको. घास गळ्याखाली उतरत नाही हो त्या माणसाच्या.

बसणं आणि हाक मारणं

वेटर साधारण एकाच बाजूने वाढायला येतो. त्या बाजूला लहान मूल बसवू नका, कारण फसफसणारं सिझलर आणि गरम सूप त्याच्या डोक्यावरून जाणार असतं. वयस्कर माणसाला एसीच्या थेट झोताखाली नको. ज्याने बोलावलंय त्याने बाहेरच्या कडेला बसावं, म्हणजे कॅप्टनशी कानात बोलता येतं. याचा उपयोग बिलाच्या वेळी कळेल. हात धुऊन या. सॅनिटायझर चोळून रोटी तोडली की पहिल्या घासाला औषधाचा वास येतो.

‘साधं की बिसलरी?’ हा प्रश्न येणारच. ‘साधं’ म्हणण्यात काडीचाही कमीपणा नाही. बाटली घेतलीत आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावली तर भांडण्याआधी हे लक्षात ठेवा, की बसून जेवायच्या जागी तसं लावता येतं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. तिथे बाटलीबरोबर खुर्ची, ग्लास, सेवाही घेतली असं धरतात.

आता हाक. ‘शुक शुक’, चुटकी, टाळी, ग्लासवर चमचा वाजवणं यातलं काहीही चालत नाही. ‘ए पोऱ्या’ तर नकोच. तो पोऱ्या पस्तीस वर्षांचा असतो आणि गावी त्याची पोरं शाळेत जातात. नजर मिळेपर्यंत बघायचं, हात खांद्याइतका वर करायचा, आणि हाक मारायचीच तर ‘दादा’ किंवा ‘भाऊ’. दोन हातांत चार ताटल्या घेऊन चाललेल्याला मध्येच अडवू नका. आमच्याकडे एक आजोबा यायचे. ते आल्या आल्या वेटरचं नाव विचारून घ्यायचे आणि मग दोन तास त्या नावाने हाक मारायचे. त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास कधी रिकामा राहिला नाही. आमच्या मालकांनासुद्धा इतक्या वेळेवर पाणी मिळत नसे.

ऑर्डर

एकाने द्यायची. आधी आपापसात ठरवा, मग कॅप्टनला बोलवा. तो वही उघडून उभा असताना ‘तू काय घेतोस?’ ‘काहीही.’ ‘अगं सांग ना!’ हे सुरू झालं की तो हसतमुख उभा राहतो खरा, पण त्याच वेळी पलीकडच्या टेबलाचं बिल खोळंबलेलं असतं.

सहा मोठ्या माणसांना माझा अंदाज असा: दोन स्टार्टर, तीन भाज्या (त्यात एक दाल धरून), एक बिर्याणी किंवा पुलाव, आणि रोट्या पहिल्या फेरीत फक्त सहा. पुढच्या रोट्या पहिल्या संपत आल्या की सांगायच्या. लोक इथेच चुकतात. सुरुवातीलाच ‘अठरा बटर रोटी’ सांगून मोकळे होतात. तंदूरची रोटी कोरड्या, कडक आचेवर दीड-दोन मिनिटांत भाजली जाते. बाहेर आली की तिच्यातली वाफ निघून जाते, आणि पाच-सात मिनिटांत ती अशी वातड होते की दात लावून ओढावी लागते. मग ‘रोटी चामड्यासारखी आहे’ म्हणून तक्रार. रोटी चांगलीच होती, टोपलीत झोपून गेली.

मटणाच्या हंडीत पीस किती येतात हे आधी विचारून घ्या, आणि तेही सगळ्यांसमोर मोठ्याने नाही. चार पीस आणि पाच खाणारे असले की पाचवा माणूस ‘मला रस्साच आवडतो’ म्हणतो. मी असे शेकडो ‘रस्साच आवडणारे’ पाहिलेत.

मेनूकार्डावर पापलेट, चिंबोरी किंवा लॉबस्टरपुढे आकड्याच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं. ‘ॲज पर साइझ’, म्हणजे नग जेवढा मोठा तेवढा भाव. इथे लाजायचं नाही. ‘आज केवढं आहे, कितीला पडेल?’ असं सरळ विचारायचं. चांगल्या ठिकाणी ट्रेमध्ये नग आणून दाखवतात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘सुरमई ताजी आहे ना?’ हा प्रश्न विचारून वेटरला खोटं बोलायला लावू नका. त्या दिवसांत खाडीचं काय आलंय ते विचारा.

आणि आग्रह. घरी पंगतीला आग्रह केला नाही तर माणसं नाराज होतात. हॉटेलात तोच आग्रह उलटा पडतो. पाहुण्याच्या ताटलीत परस्पर गुलाबजाम टाकायचा, तो ‘नको नको’ म्हणतोय तरी अर्धी नान सरकवायची, आणि शेवटी सगळं तसंच ताटलीत. एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा. तिसऱ्यांदा नाही.

हात

सगळ्यांच्या ताटलीत काहीतरी आलं की बोलावणाऱ्याने ‘होऊ द्या सावकाश’ म्हणायचं आणि सुरू करायचं. एखाद्याचा डोसा मागे राहिला असेल तर त्यानेच ‘तुम्ही करा सुरू, गार होईल’ म्हणावं. पंगतीत शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत थांबतात, तेवढं हॉटेलात थांबलं तर स्टार्टर दगड होतात.

हाताने खाताना एकच हात वापरायचा आणि दुसरा कोरडा ठेवायचा. उजव्याने खायचं, डाव्या कोरड्या हाताने डाव धरायचा, ग्लास उचलायचा, टोपलीतून रोटी घ्यायची. लहानपणी ‘डाव्या हाताने वाढू नये’ म्हणून फटका बसलेल्यांना हे विचित्र वाटतं. पण घरी वाढणारी व्यक्ती जेवत नसते, तिचा उजवा स्वच्छ असतो. इथे तुम्हीच जेवताय आणि तुम्हीच वाढताय. डावखुऱ्यांनी खुशाल डाव्याने जेवावं आणि उजवा कोरडा ठेवावा. कुठला हात यापेक्षा तोंडात गेलेला हात डावाला लागला का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एका हाताने रोटी तोडणं पुष्कळांना जमत नाही, म्हणून सावकाश सांगतो. रोटी ताटलीत सपाट ठेवा. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट रोटीवर पसरून दाबा. आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कड धरून बाहेरच्या बाजूला, थोडी पिळून, ओढा. दोन बोटं रुंद तुकडा सुटला पाहिजे. तो अंगठ्याने जरा दुमडला की छोटा द्रोण होतो, त्यात भाजी घ्यायची. रस्सा बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर चढू द्यायचा नाही. गरम नान असेल तर जेवण सुरू करण्याआधीच, दोन्ही हात स्वच्छ असताना, तिचे चार भाग करून ठेवले तरी चालतं. मी तसंच करतो.

मधल्या भांड्याचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. ज्या भांड्यातला डाव त्याच भांड्यात. वाढताना डाव ताटलीच्या दोन बोटं वर धरून ओतायचा, खालच्या उष्ट्या अन्नाला टेकवायचा नाही. कडेवर आपटून झटकायचा नाही. दांडा पुढच्या माणसाकडे वळवून ठेवायचा. तळाशी डाव फिरवून काजू आणि पनीर शोधायचं नाही. सगळे बघत असतात, फक्त बोलत कोणी नाही. रोटीचा तुकडा थेट हंडीत बुडवणं नवराबायकोत एकवेळ खपतं, तेही दुसरं कोणी टेबलावर नसेल तर. दुसऱ्याच्या ताटलीतलं चाखायचंच असेल तर त्याने घास लावण्याआधी, स्वच्छ चमच्याने.

चमच्याने खाल्लंत तर कोणी हसत नाही आणि हाताने खाल्लंत तरी कोणी हसत नाही. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतली नवी मुलं टीम लंचला यायची, तेव्हा समोर मॅनेजर म्हणून बटर चिकनशी काट्याने झुंजायची. मॅनेजर बिचारा स्वतः हाताने खायला टपलेला असायचा, कोणी सुरुवात करतंय का बघत. पाहुणा परदेशी असेल तर चमचा-काटा मागवून ठेवा आणि तुम्ही मात्र हातानेच जेवा. त्याला हवं तर तो शिकेल.

बिर्याणी आणि मासे

बिर्याणीत थर असतात. खाली मसाला आणि मटण, वर भात, त्यावर केशराचं पाणी आणि तळलेला कांदा. पहिल्याने वरवरचा भात घेतला तर शेवटच्याला नुसता मसाला, आणि पहिल्यानेच खाली खणलं तर शेवटच्याला पांढरा भात. डाव भांड्याच्या कडेने सरळ खाली तळापर्यंत न्यायचा आणि खालून वर उचलायचा, म्हणजे एकाच वाढणीत सगळे थर येतात. मध्ये ढवळायचं नाही, शितं मोडतात. शक्य असेल तर पहिल्यांदा वेटरलाच सगळ्यांना वाढायला सांगा. त्याचा हात बसलेला असतो आणि पिसांची वाटणीही तो डोळ्यांनी बरोबर करतो. नळी कोणाला हा प्रश्न मात्र वेटरवर सोडू नका. ती आपली लहान पोराला किंवा सर्वांत थोरल्याला द्यावी.

मासे खाणाऱ्यांना खरं तर सांगायला नको, पण ठाणे-नवी मुंबईत आता निम्मी माणसं घाटावरची आणि त्याही पलीकडची, आणि आगरी-कोळी जेवणाच्या जागा मात्र खारघर-पनवेलपर्यंत गल्लोगल्ली. तेव्हा नवख्यांसाठी. काटे टाकायला एक रिकामी ताटली सुरुवातीलाच मागा. तळलेली मांदेली अख्खी चावायची, काटे कुरकुरीत होतात. सुरमईच्या तुकडीत मधोमध मणका, त्याच्या कडेने मास सोडवायचं. बांगड्याला जरा बेत लागतो. ताटलीत आडवा ठेवून डोक्यापासून शेपटीपर्यंत मधली रेघ बोटाने दाबत न्यायची. वरचं मास दोन पाकळ्यांसारखं सुटतं, ते आधी खायचं. मग शेपटीकडून मणका चिमटीत धरून सावकाश डोक्याकडे उचलायचा, म्हणजे काट्यांची फणी आख्खी निघते आणि खाली अर्धा बांगडा स्वच्छ उरतो. बांगडा उलटा करायची गरज नाही. तोंडात काटा आलाच तर जिभेने पुढे आणून दोन बोटांनी काढायचा आणि ताटलीच्या कडेला ठेवायचा. थुंकायचा नाही, टेबलावर तर नाहीच.

चिंबोरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ती ओळखीच्या माणसांत खायची. नांगी दाताने फोडावी लागते, रस्सा कोपरापर्यंत येतो, चोखल्याचा आवाज होतो, आणि हे सगळं होत नसेल तर ती नीट खाल्लीच जात नाही. साहेबांबरोबर पहिलं जेवण असेल, नाहीतर लग्नाची बोलणी, तर त्या दिवशी कोळंबी बरी. सोलकढी मात्र वाटीला तोंड लावून प्यावी. ती चमच्याने पिणाऱ्यांचं मला आजवर काही कळलेलं नाही.

मिसळ, थाळी, पान

मिसळीच्या जागी टेबल तुमचं एकट्याचं नसतं. ठाण्यात मामलेदारला गेलात तर समोर अनोळखी माणूस बसणार, ‘बसू का?’ एवढं विचारायचं आणि कोपर आवरून बसायचं. तिखट, मध्यम की कमी ते आधीच सांगा. पहिल्यांदा जात असाल तर मर्दुमकी नको. फरसाण सगळं एकदम रश्श्यात बुडवलं की लगदा होतो, कडेकडेने भिजवत जा. खाऊन झालं की उठायचं. मागे माणूस उभा असतो आणि फोन बघत बसायची ती जागा नव्हे.

अनलिमिटेड थाळीचा वेग वेगळा असतो. वाढपी ओळीने येत राहतात, आणि तुम्ही बोलत असलात की वाढून पुढे गेलेले असतात. ‘थोडं’ हे पळी वाटीवर यायच्या आधी म्हणायचं. नको असेल तर वाटीवर आडवा हात धरायचा. तोंडाने दहा वेळा ‘नको’ म्हणण्यापेक्षा तो लवकर कळतो. पहिल्या फेरीत सगळं चमचाभर घ्या, आवडलेलं पुन्हा मागा. एका थाळीत दोघांनी खायचं नसतं आणि उरलेलं बांधूनही मिळत नाही. मराठी थाळी असेल तर डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. ते नुसतं शोभेला नाही: चिमूटभर लागणारं दूर आणि पुन्हा पुन्हा लागणारं हाताशी.

ओणमच्या दिवसांत नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी केळीच्या पानावर ‘सद्या’, म्हणजे केरळी सणाचं जेवण, मिळतं. पानाचं निमुळतं टोक आपल्या डाव्या हाताला. जेवण झालं की पानाचा वरचा अर्धा भाग आपल्याकडे दुमडायचा, म्हणजे जेवण पावलं. उलट बाजूला दुमडणं दुखवट्याच्या जेवणाला असतं, तेवढं सांभाळा.

काही बिघडलं तर

पहिल्या दुसऱ्या घासाला सांगा. भाजी खारट आहे हे हंडी पुसून झाल्यावर सांगितलंत तर कॅप्टन काय करणार? वेटरला नको, कॅप्टनला बोलवा. ‘जरा चव बघता का, मीठ पुढे आहे’ एवढं हळू म्हणा. केस निघाला तर ताटली नॅपकिनने झाका आणि बदलून मागा. आरडाओरडा केला की शेजारच्या तीन टेबलांचं जेवण जातं. माझ्या अनुभवात, हळू बोलणाऱ्याला बदलून तर मिळायचंच, वर कधी बिलातूनही कमी व्हायचं. ओरडणाऱ्याला नुसतं बदलून.

बोटं आणि बिल

जेवण झाल्यावर गरम पाण्याचं बाऊल येतं, त्यात लिंबाची फोड. फक्त खाल्लेल्या हाताची बोटं बुडवायची, फोड बोटांवर चोळायची, नॅपकिनने पुसायचं. चूळ भरायची असेल तर बेसिनवर जायचं, आणि तिथेही घरच्या मोरीतल्यासारखं खाकरायचं नाही. बडीशेप चमच्याने तळहातावर घ्यायची. चिमटीने घेतलेली बडीशेप आणि पर्समध्ये गेलेली पुडी, दोन्ही कॅप्टनला दिसतात.

बिलावरून होणारी ओढाताण हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. एकदा दोन व्याह्यांनी माझ्या हातातलं बिलाचं पाकीट दोन बाजूंनी ओढलं आणि ताकाचा ग्लास विहीणबाईंच्या पैठणीवर गेला. द्यायचंच असेल तर हात धुवायला म्हणून उठा आणि काउंटरवर देऊन या. नाहीतर आल्याबरोबर कॅप्टनच्या कानात सांगा, ‘बिल माझ्याकडे’. मग दुसरा कितीही ओरडला तरी पाकीट तुमच्याकडेच येतं. मित्रमंडळींत वाटणी करायची तर एकाने भरावं आणि बाकीच्यांनी घरी जाताना यूपीआय करावं. सात जणांनी सात क्यूआर स्कॅन करायला मागू नये.

बिल वाचणं असभ्य नाही. नेहमीच्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के, तो अडीच-अडीच अशा दोन ओळींत दिसतो. छोटं हॉटेल कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून ती ओळ निराळी. सर्व्हिस चार्जची ओळ असेल तर तो देणं न देणं तुमच्या मर्जीवर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ‘हा काढून द्या’ असं शांतपणे सांगा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण काढलात तर टीप ठेवा. पाच ते दहा टक्के पुष्कळ, आणि शक्यतो रोख. कार्डावर दिलेली टीप पोरांपर्यंत कधी आणि किती पोचते हे हॉटेलागणिक वेगळं असतं. रोख पैसे रात्रीच वाटले जातात, आणि भांडी घासणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो.

उरलेलं बांधून घ्यायला लाजू नका. मधल्या भांड्यातलं घ्या, ताटलीतलं नाही. घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

आणि उशिरा जाणार असाल तर एक आतली गोष्ट. ‘लास्ट ऑर्डर अकरा’ असं दारावर असलं तरी तंदूर त्याआधीच विझायला घेतलेला असतो, कारण तो थंड व्हायला वेळ लागतो आणि तंदूरवाल्याला शेवटची लोकल पकडायची असते. पावणेअकराला पोचलात तर रोटी-नान मागू नका. जिरा राईस आणि दाल फ्राय सांगा. ती गरम मिळेल, लवकर मिळेल, आणि आम्ही सगळे त्यानंतर मागे बसून तेच जेवायचो, म्हणजे आचाऱ्याने ती मन लावून केलेली असते.